दोराची वही ठेवा: बंदरं चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र सागरी मंडळ, राज्यातली सर्व बंदर प्राधिकरणं, खासगी बंदरांचे चालक आणि त्यांना टग पुरवणारे ठेकेदार यांस

महोदय,

मी टगवर, म्हणजे मोठी जहाजं बंदरात ओढणाऱ्या-वळवणाऱ्या छोट्या ताकदवान बोटीवर, काम केलेला माणूस आहे. खलाशी म्हणून लागलो, सारंग, म्हणजे टगचा म्होरक्या, म्हणून निवृत्त झालो. ज्या दोराच्या एका टोकाला टग आणि दुसऱ्या टोकाला जहाज असतं, त्या दोराबद्दल हे पत्र आहे. काय हवंय ते आधीच सांगतो. जहाज ओढायच्या आणि बांधायच्या प्रत्येक दोराची स्वतंत्र वही असावी. तो कधी बाद करायचा हे कामाला लावण्याआधीच ठरलेलं असावं. आणि दोर हाताळणारा माणूस ‘हा नको’ म्हणाला, तर तो दोर त्या दिवशी लावला जाऊ नये. या गोष्टी टग भाड्याने घेण्याच्या आणि धक्का चालवण्याच्या करारात लिहिल्या जाव्यात. तोंडी सूचना पुष्कळ झाल्या, त्यांनी काही होत नाही.

मी लागलो तेव्हा ओढायला पोलादी वायर आणि जोडीला नायलॉनचा जाड दोर, हॉजर, असायचा. ४४ मिलिमीटरची वायर मीटरला आठ किलोच्या आसपास भरते. ती डेकवर चौघांनी मिळून खेचायची, ग्रीसने माखायचं, आणि तुटलेल्या तारेचा काटा हातमोजा फाडून तळव्यात घुसला की तो पकडीने उपटून पुन्हा कामाला लागायचं. मग एचएमपीईचे दोर आले. हे एक प्रकारचं पॉलिइथिलीनच, पण रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकाच दिशेला ताणून बसवलेल्या, म्हणून अंगात एवढं बळ. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा धागा कातायची रीत सापडली, आणि त्यांनी दिलेलं डायनीमा हे नाव आज धक्क्यावर कुठल्याही कंपनीच्या अशा दोराला लावलं जातं. त्याच ४४ मिलिमीटर जाडीचा हा दोर मीटरला जेमतेम किलोभर भरतो. ताकद वायरीइतकी, बऱ्याचदा जास्तच, सव्वाशे टनांच्या पुढची. वर तो पाण्यावर तरंगतो. त्याचा डोळा, म्हणजे टोकाचा फासा, खांद्यावर टाकून एकटा खलाशी डेकच्या टोकापर्यंत जाऊ शकतो.

हा दोर आला ते फार चांगलं झालं. हे पत्र वाचून कोणी ‘मग वायरच परत आणू’ म्हणेल, तर त्याला विरोध करणारा पहिला मी असेन. आमच्या पिढीच्या कमरा वायरीने गेल्या. शिवाय दोर बनवण्यात आपलं राज्य मागे नाही. चिंचवड आणि वाईला गरवारेंच्या कारखान्यांतून निघालेले दोर आणि जाळी जगभर जातात. तेव्हा माल मिळत नाही, जाणकार माणूस मिळत नाही, ही सबब इथे चालायची नाही.

अडचण वेगळी आहे. दोर बदलला, पण तो तपासायची सवय वायरीच्या काळातलीच राहिली.

वायर थकली की डोळ्यांना दिसतं. गंज चढतो, तारा तुटून काटे उभे राहतात, एखादी जागा चपटी होते. ठरावीक लांबीत किती तारा तुटल्या की वायर बाद, हे मोजून सांगता येतं. एचएमपीईच्या दोराचं तसं नाही. नव्या दोरालाही पहिल्या काही कामांत वरून लव येते. नवखा माणूस ती बघून घाबरतो, पण तिच्याने काही बिघडत नाही. खरं नुकसान आत चाललेलं असतं. वाळूचे कण, सुकलेल्या मिठाचे खडे, फेअरलीडवरची (दोर ज्यातून वळून बाहेर जातो त्या लोखंडी चौकटीवरची) गंजाची भुकटी पेडांत शिरते आणि दर ताणाला आतले धागे कातरत राहते. हा धागा १४५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि ७० अंशांच्या पुढे गेला की ताकद गमवायला लागतो. ताणाखाली दोर बिट्सवर, म्हणजे डेकवरच्या दोर गुंडाळायच्या खुंटांवर, सरकला तर तेवढी उष्णता व्हायला वेळ लागत नाही, कारण एचएमपीई मुळात गुळगुळीत आहे, वायरीइतक्या वेढ्यांवर तो धरत नाही. दोराला गाठ मारली तर ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून त्याला डोळा करायचा तो स्प्लाइस करूनच, म्हणजे पेड सोडवून परत दोरात विणूनच, आणि ती स्प्लाइस येणारी माणसं आजही धक्क्यावर शोधावी लागतात.

तपासायचा कसा, तेही लिहितो, कारण ज्यांच्या सहीने हे दोर येतात त्यांनी एकदा तरी हे आपल्या हातांनी करून बघावं अशी माझी इच्छा आहे. बारा पेडांचा दोर घ्यायचा. दोन्ही हात वीतभर अंतरावर ठेवून ते एकमेकांकडे ढकलायचे. पेड सैल होऊन फुगतात आणि मध्ये फट पडते. त्या फटीत बोट घालून आतला धागा बाहेर ओढायचा. चांगल्या दोरात तो लांबच लांब, मऊ निघतो. थकलेल्या दोरात आखूड तुकडे हातात येतात, बोटाला पांढरी भुकटी लागते. मग बाहेरून हात फिरवत पुढे सरकायचं. कुठेतरी मेणासारखा चकचकीत, कडक पट्टा लागतो. तो पट्टा हातात धरून मागे-पुढे वाकवायचा. धागे सुटे झाले तर ते विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, दाबले गेलेले होते, भिण्याचं कारण नाही. काही केल्या सुटत नसतील तर ते वितळून एकमेकांना चिकटलेले आहेत. तेवढा भाग कापायचा आणि नव्याने स्प्लाइस करायची. शंभर-दीडशे मीटरचा दोर असा हात-हात करत तपासायला अर्धा दिवस लागतो. टगला अर्धा दिवस मोकळा देणारं वेळापत्रक मी फार कमी ठिकाणी पाहिलं. एक जहाज सुटलं की दुसऱ्यावर पायलट, म्हणजे बंदरातला वाटाड्या, चढलेला असतो, आणि दोर ओलाच विंचवर गुंडाळला जातो.

ज्या दोरावर वरून विणलेलं जॅकेट असतं, त्याचे पेड तर उघडताच येत नाहीत. त्याचं काय होतं ते वेल्समध्ये दिसलं. २ मार्च २०१५ रोजी मिलफर्ड हेवनच्या साउथ हुक टर्मिनलवर झार्गा नावाचं एलएनजी जहाज धक्क्याला लागत होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या गॅसवाहू जहाजांच्या वर्गातलं जहाज, पैशाची कमी नाही, कागदपत्रं जागच्या जागी. एचएमपीईचा मूरिंगचा, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा, दोर तुटला, उलटा आला आणि पुढच्या डेकवरच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात बसला. त्याला अतिशय गंभीर इजा झाली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २०१७ मध्ये अहवाल दिला. दाखल्यावर जी ताकद लिहिली होती तिच्या कितीतरी खालच्या ताणाला तो दोर गेला होता. जॅकेटच्या आत धागे पुन्हा पुन्हा दबून, दुमडून मोडत गेले होते, आणि वरून दोर धडधाकट दिसत होता. हा दोर ताणला जात नाही, म्हणून तुटला तरी उलटा येत नाही, असा समज जहाजांवर होता. आपल्याकडेही आहे. दोर विकणारेही तसं सांगतात. एकट्या एचएमपीईबद्दल त्यात थोडं तथ्य आहे, पण त्याच्या टोकाला जोडलेली टेल, म्हणजे लवचीक दोराचा तुकडा, ताणली जाते, आणि तिच्यात साठलेला जोर तुटलेल्या दोराला घेऊन परत येतो.

टेल काढून टाकावी असं मी म्हणत नाही. आपल्या किनाऱ्यावर ती लागतेच. एचएमपीई तुटेपर्यंत तीन-चार टक्केच लांबतो, त्यामुळे लाटेचा झटका तो पचवत नाही, सगळा झटका विंचवर आणि बिट्सवर जातो. म्हणून टोकाला नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची अकरा मीटरची टेल जोडतात, आणि उघड्यावरच्या धक्क्यासाठी बावीस मीटरची. कोकणातले कितीतरी धक्के पावसाळ्यात उघड्यावरचेच म्हणायला हवेत. वारा पडलेला असतो, पाणी वरून शांत दिसतं, आणि खालून लांब लाटांचा हेलकावा जहाजाला पुढे-मागे असा झुलवतो की स्प्रिंगचे दोर, म्हणजे जहाजाला पुढे-मागे सरकू न देणारे दोर, आळीपाळीने सैल पडतात आणि ताडकन ताणले जातात. अशा रात्री सगळा भार टेलवर असतो. त्यात नायलॉन ओला झाला की त्याची दहा-पंधरा टक्के ताकद तशीच कमी होते. तरीही मुख्य दोराचा दाखला कपाटात असतो आणि टेलचा कुठेच नसतो.

अशाच एका धक्क्यावर माझ्यासमोर टेल तुटली. धक्क्याचं आणि कंपनीचं नाव मी लिहीत नाही. विंचजवळचा पोरगा, वय विशीतलं, हातात काहीही नसताना नुसता बघत उभा होता. आवाज आधी आला. पायाचं हाड नडगीतून मोडलं. आज तो चालतो, पायात सळी आहे, आणि समुद्रावर पुन्हा आला नाही. चौकशीत लिहिलं गेलं की खलाशी धोक्याच्या जागी उभा होता. मी विचारलं की ही टेल कधी आणली, कुठल्या जहाजावरून उतरवलेली आहे. ते कोणालाच सांगता आलं नाही, कारण ते लिहून ठेवण्याची पद्धतच नव्हती. ती चौकशी आजही मला पटत नाही. धोक्याची जागा म्हणजे कुठली? पूर्वी डेकवर रंगाने पट्टे मारत, याच्या आत उभं राहू नका म्हणून. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या सुरक्षा संहितेने आता उलट सांगितलंय: पट्ट्यांवर भिस्त ठेवू नका, दोर ताणाखाली असताना अख्खा मूरिंग डेकच धोक्याचा समजा. कोपऱ्यांवरून वळणारा दोर तुटल्यावर कुठून येईल हे रंगाच्या पट्ट्याला कळत नाही.

आता नियमांकडे येतो. सोलास या समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातला ओढण्या-बांधण्याच्या साधनांबद्दलचा नियम बदलला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची परिपत्रकं आहेत. त्यातलं १६२० क्रमांकाचं परिपत्रक मूरिंगची साधनं आणि दोर यांच्या तपासणी-देखभालीबद्दल आहे, आणि ते जुन्या जहाजांनाही धरतं. दोर कधी आणला, कधी तपासला, काय आढळलं, कधी बदलला, याची नोंद जहाजावर असायला हवी. तेलवाहू जहाजांच्या जगात त्याआधीच, २०१८ मध्ये, तेल कंपन्यांच्या सागरी मंचाने मूरिंगच्या मार्गदर्शिकेची चौथी आवृत्ती काढली. तीत प्रत्येक दोराच्या व्यवस्थापनाचा आराखडा मागितला आहे. जहाजाच्या मूळ हिशेबातल्या ताकदीच्या ७५ टक्क्यांवर दोर येण्याआधी तो काढा, असंही त्यात स्पष्ट आहे.

पण हे सगळं परदेशी फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी झालं. बंदराच्या हद्दीत दिवसरात्र राबणाऱ्या छोट्या टगला, बार्जला, पायलट लाँचला यातलं काही जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणजे एकाच कामात जहाजाने दिलेल्या दोराची वही असते आणि टगने दिलेल्या दोराची नसते. पन्नास-साठ टनांनी खेचणारा टग त्याच दोरावर तीनशे-साडेतीनशे मीटरचं जहाज वळवत असतो. ही फट दिल्लीहून किंवा लंडनहून भरून येईपर्यंत थांबायचं कारण नाही. टग तुम्ही भाड्याने घेता, अटी तुम्ही लिहिता.

त्या अटी आज कशा असतात? टगची अश्वशक्ती, बोलार्ड पुल (म्हणजे खेचायची ताकद), वय, इंधन, खलाशांची संख्या, सगळं बारीक. दोराच्या रकान्यात ‘आवश्यक ते सर्व दोर ठेकेदाराने पुरवावेत’ अशा अर्थाचं एक वाक्य. निविदा सगळ्यात कमी दराला जाते, आणि कमी दर भरणाऱ्याला बचत करायला दोराइतकी सोयीची दुसरी जागा नसते. इंजिन बंद पडलं तर लगेच दिसतं, दोर तर ‘अजून चालतोय’. मी ठेकेदारालाही एकट्याला दोष देणार नाही. अटीत नाही ते त्याने स्वतःच्या खिशातून का करावं?

म्हणून अटीत हे लिहा. दोर आल्या दिवशी त्याला क्रमांक द्या आणि वही उघडा. तीत वर्षं नकोत, कामं आणि तास लिहा, कारण आठवड्यातून दोनदा लागणारा दोर आणि दिवसातून सहादा लागणारा दोर एकाच वयाचे नसतात. किती तासांनी टोकं उलटायची आणि किती तासांनी दोर बाद, हे दोर बनवणाऱ्याशी बोलून आधीच ठरवा. बाद केलेल्या पहिल्या काही दोरांचे तुकडे कारखान्यात ताणून तोडून बघा, म्हणजे तुमच्या बंदरात, तुमच्या धुळीत, तुमच्या उन्हात दोर नेमका किती टिकतो ते कळेल. पुढचे आकडे त्यावरून दुरुस्त होतील. टेल आणि पेंडंट (मुख्य दोराच्या टोकाला जोडायचा आखूड दोर) यांची वही मुख्य दोराइतकीच पाळा. आणि महिन्यातून एकदा अर्धा दिवस टगला भाडं न कापता दोर तपासायला द्या. ही शेवटची अट नसेल तर बाकीच्या वह्या धक्क्यावर बसून एका हाताने भरल्या जातील, हे मला अनुभवाने माहीत आहे.

याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट फेअरलीडची आहे. वर्षानुवर्षं वायर चाललेल्या फेअरलीडला, रोलरला, बिट्सला खाचा पडलेल्या असतात. वायरीला त्यांचं काही वाटत नाही. एचएमपीईचा नवाकोरा दोर त्या खाचांवर एका पावसाळ्यात निकामी होतो. दोर बदलण्याआधी त्या जागा घासून गुळगुळीत करायच्या, आणि मग त्या जागेवरून पुन्हा वायर न्यायची नाही. जेटीवरचे जुने बोलार्ड, म्हणजे जहाज बांधायचे खुंट, एकदा हात फिरवून बघा. बोट कापलं तर दोरही कापला जाणार. याला लागतो ग्राइंडर आणि दोन माणसं. दोराच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

हा प्रश्न फक्त खलाशांचा आहे असं कोणी समजू नये. मुंबईकरांना जून २०११ आठवत असेल. एमव्ही विस्डम हे जुनं मालवाहू जहाज कोलंबोहून अलंगला तोडायला ओढत नेत होते. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर टगपासून ते सुटलं आणि माणसाविना वाहत वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या दिशेने आलं. सेतूला ते धडकलं नाही. ११ जूनला जुहूच्या वाळूत जाऊन रुतलं, लोक बघायला गर्दी करू लागले, आणि ते काढेपर्यंत यंत्रणांची दमछाक झाली. ओढणारं आणि ओढलं जाणारं यांच्यातला दुवा तुटला की नऊ-दहा हजार टनांचं लोखंड कुठे जाईल हे वारा ठरवतो. त्या किनाऱ्यावर आता सेतू आहेत, रस्ते आहेत, कोळीवाडे आधीपासून आहेतच. वाढवणला ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. तिथे जगातली मोठ्यात मोठी कंटेनर जहाजं आणायची आहेत, म्हणजे टगांचं काम वाढणार आणि दोरांवरचा ताणही.

याच वेळी केंद्राच्या हरित टग योजनेखाली जवाहरलाल नेहरू बंदरासह मोठी बंदरं बॅटरीवर आणि स्वच्छ इंधनावर चालणारे टग घेत आहेत. मला त्याचं कौतुक आहे; इंजिनरूमच्या धुरात आमची फुप्फुसं काळी झाली. पण नव्या निविदा लिहिल्या जात असतानाच दोराच्या अटी त्यांत घालणं सोपं आहे. करार एकदा झाला की पुढची कितीतरी वर्षं त्याला हात लागत नाही.

राहिलं ‘हा नको’ म्हणण्याचं. ठेक्यावरच्या खलाशाला दोराबद्दल शंका आली तर तो आज कोणाला सांगतो? सारंगाला. सारंग मालकाच्या माणसाला फोन करतो, तिकडून उत्तर येतं की हे जहाज होऊ दे, मग बघू. पायलट वाट बघत असतो, भरती निघून चाललेली असते. त्या क्षणी नकार देणाऱ्याच्या नोकरीचं संरक्षण कागदावर असलं पाहिजे. सारंगाने दोर नाकारला तर टगच्या गैरहजेरीचा दंड लागणार नाही, आणि पर्यायी दोर टगवरच तयार असेल, एवढ्या दोन ओळी पुरेत. आणि जहाजांच्या एजंटांनाही कळवा की काम संपल्यावर टगचा दोर जहाजावरून सोडताना तो धाडकन पाण्यात टाकू नये, हळूहळू खाली द्यावा. तरंगणारा असला तरी तो टगच्या पंख्याकडे ओढला जातोच, आणि त्या वेळी टग जहाजाच्या अगदी पोटाशी असतो.

शेवटी बाद दोरांबद्दल. आज ते भंगारात वजनावर विकले जातात आणि तिथून छोट्या होड्यांवर, वाळूच्या बार्जवर, बंदरातल्या मचव्यांवर पोहोचतात. अजून बरा दिसतोय म्हणून घेणारा घेतो, आणि वादळाची सूचना आली की त्याच दोराने होडी बांधून निर्धास्त घरी जातो. करारात हेही घाला की बाद केलेला दोर तुमच्या माणसासमोर दोन-दोन मीटरचे तुकडे करूनच आवाराबाहेर जाईल, आणि त्याची तारीख त्या दोराच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली जाईल.

आपला,
एक निवृत्त टग सारंग
उरण